दुखायचं थांबलं तेव्हा

"थांबा बाई," म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या कानने यंत्र बंद केलं. "हे वाक्य पुन्हा घेऊ. खुणेच्या आधीच श्वास घेतलात तुम्ही."

"मी? शक्यच नाही."

"ऐकायचंय?"

त्याने ऐकवलं. ‘चुंबकाचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला’, आणि इथे, जिथे कुणीही शहाणा माणूस थांबणार नाही अशा जागी, एक छोटा, तुटका, आत ओढलेला आवाज. मग पुढे, ‘दोन ध्रुव असतातच.’ बाईंना तो आवाज आपला वाटेना. कुणीतरी दारातून डोकावून चटकन मागे व्हावं तसा तो होता. चार दिवस त्यांनी घरात कुणाला या दुखण्याचा पत्ता लागू दिला नव्हता, मुलाला नाही, सुनेला नाही, आणि इथे एका वीतभर यंत्राने त्यांना रंगेहाथ पकडलं होतं. "खुर्ची वाजली असेल," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं ज्या बाईंनी मुलांना ‘चूक झाली की चूक म्हणावं’ असं शिकवलं, त्या बाई खुर्चीवर ढकलून मोकळ्या झाल्या. कानने खुर्ची बदलून दिली.

अंध मुलांच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर ही खोली होती. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद, पंखा असून नसल्यासारखा, कारण त्याची घरघर आवाजात उतरायची. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि मध्ये फार तर हातभर अंतर. निवृत्त झाल्यापासून बाई इथे आठवड्यातून पाच दिवस पाठ्यपुस्तकं वाचायला यायच्या. वाचण्याआधी पानावर पेन्सिलीने खुणा करायच्या, जिथे खूण तिथे श्वास, मध्ये कुठे नाही. त्यांच्या पानावर अकरा-बारा खुणा असत. इतर वाचणाऱ्यांच्या वीस. याचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नव्हता. खुणेवर घेतलेला तो श्वाससुद्धा कान मागाहून कापून टाकायचा. त्याला सगळे कान म्हणत, कारण शेजारच्या खोलीत कुणी पेनाचं टोपण लावलं तरी तो हात वर करून "पुन्हा" म्हणायचा. खालच्या वर्गांतली मुलं वर्षभर ऐकायची ती एका न दमणाऱ्या, श्वासच न घेणाऱ्या बाईंचा आवाज. एकदा जिन्यात एका मुलीने त्यांना हात लावून विचारलं होतं, "बाई, तुम्ही खऱ्या आहात?" बाई तेव्हा खूप हसल्या होत्या. आता हसता येत नव्हतं. हसलं की उजव्या बरगडीखाली कुणीतरी दाभण खुपसत होतं.

दुखण्याची सुरुवात त्यांना नीट आठवत होती. सकाळी कपाटावरची पेटी काढायला हात वर केला, खोल श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावर अडला. पुढे आहे तो श्वास, पण तिथवर जायची वाट कुणीतरी अडवून उभं आहे. ‘चमक भरली,’ असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. ठरवलं की बरं वाटतं. मग त्यांनी या दुखण्याचे नियम शोधून काढले, एखाद्या व्रात्य मुलाचे शोधावेत तसे. श्वास सोडताना ते गप्प बसतं. घेताना निम्म्यापर्यंत चालू देतं. खोकला, शिंक, जांभई यांना माफी नाही. कधी ते खांद्यावर जाऊन बसतं आणि खाली बरगडीत आपण नव्हतोच असं दाखवतं. दुखऱ्या कुशीवर निजलं तर कमी होतं, कारण ती बाजू दबून हलायची थांबते. हाताने बरगड्या गच्च धरल्या तरी कमी होतं. पण पुस्तक धरायला हात लागतो. म्हणून त्यांनी जुनी चादर फाडून तिचा पट्टा केला आणि ब्लाउजच्या आतून छातीभोवती आवळला. आरशात पाहिलं तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुकच वाटलं. संध्याकाळी अंग थोडं कढत व्हायचं, कोरडा खोकला यायचा, जेवण निम्म्यावर राहायचं. सून म्हणायची, "आई, तुम्ही बारीक झालात." त्या म्हणायच्या, "या वयात कुणी कौतुकाने बारीक म्हटलं तर आवडतं मला." सून हसायची आणि विषय तिथेच मिटायचा. विषय मिटवण्यात बाईंचा हातखंडा होता. तो त्यांनी कुठे कमावला हे त्यांना आठवायचं नव्हतं.

कानने खुर्चीनंतर काहीच विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःची पेन्सिल घेऊन बसला. "बाई, इथे एक जादा खूण करू? वाक्य लांब आहे." वाक्य लांब नव्हतं. बाईंनी मान हलवली. मग आणखी एक. मग प्रत्येक उपवाक्यापाशी. दोघांनी मिळून दुखण्याला अशी जागा करून दिली, की जणू दोष पुस्तकाचाच होता, लिहिणाऱ्याला वाक्यं आटोपती ठेवता येत नव्हती. या खोलीत काही बिघडलं की ते ऐकून, कापून, खूण हलवून दुरुस्त करायचं असतं. दुसरी कुठली रीत दोघांनाही ठाऊक नव्हती. आणि रीत लागू पडतेय असंही दिसलं. पंधरा-सोळा दिवसांनी एका सकाळी बाई उठल्या आणि दाभण नव्हतं. त्यांनी खोकून पाहिलं. जांभई दिली. पट्टा सोडून पलंगावर टाकला. शाळेत गेल्यावर कानने पहिलं पान घेतलं, डोळे मिटून ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "स्वच्छ! बाई, तो झटका गेला. एकदम कोरी पाटी." त्याने जुना आणि नवा आवाज एकापाठोपाठ लावून दाखवला, खालून दोन कप चहा मागवला, आणि दोघांनी तो असा प्यायला की जणू एखादी स्पर्धा जिंकली आहे.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांकडे बाई पुढे पुन्हा पुन्हा वळून पाहत राहिल्या. त्या काळात काय काय बदललं होतं, ते सगळं डोळ्यांसमोर होतं. पानावरच्या खुणा अकराच्या चाळीस झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर यायला त्या आधी एकदा थांबत, आता तीनदा, आणि प्रत्येक थांब्याला एक निमित्त काढत: चष्मा पुसणं, किल्ली शोधणं, खालच्या मुलांची कविता ऐकणं. सपाट निजलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून उशा दोनच्या चार झाल्या. पण दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब त्यांना इतका पक्का वाटत होता की त्याचा त्यांनी कधी पडताळा घेतला नाही; आणि आवाज स्वच्छ आहे म्हणजे माणूस बरा आहे, हा कानचा हिशेब. शेवटी एका दुपारी ‘वनस्पती’ या शब्दात त्यांना मधेच श्वास घ्यावा लागला, एकाच शब्दात, वन आणि स्पतीच्या मध्ये. कानने यंत्र बंद केलं नाही. त्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "बाई, आता इथे खूण कुठे करू मी?"

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, बाईंच्या शेवटच्या बॅचच्या वयाची. तिने पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, छातीचा फोटो काढायला लावला, तो उजेडासमोर धरला. उजवीकडे खालचं निम्मं पांढरं, वर काळं, मधली रेघ कडेला जरा वर चढलेली. "आजी, आधी दुखत होतं का? खोल श्वास घेतला की टोचायचं?"

"आजी नको, बाई म्हण. हो, टोचायचं. पण ते गेलं."

"गेलं नाही. बुडालं." मग तिने चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि बरगड्यांना आतून दुसरं, कोटाला अस्तर असावं तसं. दोघांच्या मध्ये चमचाभर ओल, म्हणून ती एकमेकांवरून सरकतात आणि आपल्याला कळतही नाही. सूज आली की ती खरखरीत होतात. मग प्रत्येक श्वासाला घासतात, तेच ते टोचणं. याला प्लुरसी म्हणतात. "आणि पुढे मध्ये पाणी भरायला लागलं की दोन्ही आवरणं लांब जातात. घासणं बंद, दुखणं बंद. तिथेच माणसं फसतात. पेढे वाटतात आणि इथे फुप्फुस पाण्याखाली दबत जातं."

"आम्ही चहा प्यायलो," बाई म्हणाल्या. मग चित्राकडे बोट करून, "यात तू फुप्फुसाला दांडी काढायला विसरलीस. हवा कुठून जाणार?" डॉक्टर हसली आणि तिने श्वासनलिका काढली. बाईंना ती तेव्हाच आवडली. "आता कारण सांग. सूज आपोआप येत नाही."

कारणं बरीच होती. साध्या विषाणूंनी येते, न्यूमोनियाने येते, बरगडीला मार लागला तर, रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली तर, सांध्यांच्या काही आजारांत, कधी कॅन्सरमध्ये. "आणि क्षयाने," डॉक्टर म्हणाली. "पाणी काढून तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही." बाईंना उलट बसवून, टेबलावर उशीला मिठी मारायला लावून तिने पाठीतून सुई घातली. बाटलीत पिवळसर, पेंढ्याच्या रंगाचं पाणी उतरत राहिलं, लिटरभर तरी. बाईंनी ते पाहायचा हट्ट धरला. इतके दिवस आपल्या जिवात मुक्कामाला असलेला पाहुणा निदान ओळखीचा तरी व्हावा. आठवड्याने अहवाल आला. कारण क्षयच होतं. थुंकी तपासली, त्यात जंतू नव्हते. फुप्फुसात काही दिसत नव्हतं. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. "पूर्ण बरं होतं हे," डॉक्टर म्हणाली. "घरातल्यांची तपासणी करू. आणि ज्यांच्याबरोबर तुम्ही बंद खोलीत खूप वेळ बसता, त्यांचीही केलेली बरी. तुमच्याकडून लागण व्हायचा धोका कमी आहे, तरी."

घरी आल्यावर मुलाने दार लावलं, मग खिडकीही. बाईंच्या ते लक्षात आलं. "आई, बाहेर सांगताना छातीत पाणी झालं होतं, काढलं, एवढंच सांगायचं."

"आणि पाणी कशाने झालं म्हणून विचारलं तर?"

"लोक एवढं विचारत नाहीत."

"मी शिकवलेली विचारतात."

"तुझ्यासाठीच म्हणतोय मी. शाळेत कळलं तर ते तुला परत त्या खोलीत पाऊल टाकू देतील? तूच सांग. वाचन गेलं तर तू दिवसभर करणार काय? आणि माझ्या पिंकीच्या वर्गात कळलं तर तिच्याशेजारी कोण बसेल?" तो वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाप्रमाणे सगळं खरंच बोलत होता. "डॉक्टर म्हणाल्या ना धोका कमी आहे म्हणून? मग कानला सांगून काय मिळवायचंय?"

"कमी म्हणजे शून्य नाही. पहिलीतल्या पोराला कळतं हे."

तो उठून गेला. बाई बंद खिडकीकडे पाहत बसल्या, आणि जे आठवायचं नव्हतं ते समोर येऊन बसलं. त्या सात वर्षांच्या होत्या. घराच्या टोकाला एक खोली होती आणि त्या खोलीत आत्या होती. ती हवापालटाला गेली आहे असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. पाहुणे आले की आई बोलण्याचा आवाज वाढवायची, म्हणजे भिंतीपलीकडचा खोकला ऐकू जाऊ नये. छोट्या मुलीला हा खेळच वाटायचा. आत्याने तिला अक्षरं शिकवली होती, आजारी पडायच्या आधी मांडीवर घेऊन आणि नंतर दाराआडून; वही दाराच्या फटीतून आत सरकवायची आणि थोड्या वेळाने ती तपासून बाहेर यायची. शाळेत ‘माझे कुटुंब’ असा निबंध आला. घरात माणसं पाच होती. तिने चार लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिने ते आपणहून केलं, अगदी शहाण्या मुलीसारखं. आणि मग नेहमीच्या सवयीने वही फटीतून आत सरकवली. वही परत यायला त्या दिवशी वेळ लागला. आत्याने आकडा खोडला नव्हता. काही लिहिलं नव्हतं, फक्त शेवटी, लाल पेन्सिलीने: ‘अक्षर सुधारलं.’ बाईंनी पुढे चाळीस वर्षं हजारो वह्या तपासल्या, पण तो शेरा त्यांनी एकाही मुलाला कधी दिला नाही. आत्या त्याच खोलीत वारली. नंतरही लोकांना हेच सांगितलं गेलं की तिकडची हवा मानवली नाही. बाईंना आता कळलं की विषय मिटवायची कला त्या कुठे शिकल्या. त्यांनी उठून खिडकी उघडली. कडी घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले, आणि धाप लागली, पण उघडली.

कानला त्यांनी फोन केला. अहवालातलं सगळं, आजाराच्या नावासकट, आणि छातीला बांधलेल्या चादरीचंही, क्रमाने सांगितलं, जसं वर्गात सांगायच्या. तो म्हणाला, "किती दिवस होतं हे?"

"नक्की सांगता येत नाही. दोन महिने धर."

"आठ महिन्यांची मुलगी आहे माझी, बाई."

"ठाऊक आहे. म्हणूनच आज सांगितलं."

"आज!" तो म्हणाला. "चादरी बांधून वाचत होता तुम्ही. मला वाटायचं, बाईंना नको आहे तर कशाला विचारा. मी खुणा करत बसलो." त्याने फोन ठेवला. बाईंनी स्वतःची बाजू मांडली नव्हती. मांडण्यासारखी बाजू नव्हती. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं. "नाही," बाई म्हणाल्या. "पण खरं झालं."

नऊ दिवसांनी कान आला. दारातच थांबला. "आमचे तिघांचेही रिपोर्ट चांगले आलेत. पोरीला तीन महिन्यांनी परत दाखवायचंय." मग म्हणाला, "रागावलो होतो मी."

"रागवायलाच हवं होतंस."

"दुसरं एक आहे. मुख्याध्यापिका मॅडमनी उरलेले धडे एका नव्या मुलीला दिलेत. आवाज चांगला आहे तिचा." तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता. "आणि मुलं विचारतात ना तुमच्याबद्दल. त्यांना सांगितलंय, बाई बाहेरगावी गेल्यात."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. "कुणी सांगितलं असं?"

"मॅडमनीच. घाबरतील म्हणून."

"कोण, मुलं की मॅडम?"

धडे गेले याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, खूप वाटलं. ती गोधड्यांची खोली, पेन्सिल, पानाला अकरा खुणा, हे सगळं आपल्याशिवाय चालू आहे हे गिळायला त्यांना दोन दिवस लागले. पण वाचन दुसऱ्या कुणाच्या हातात देणं हा मॅडमचा अधिकार होता. बाईंना बाहेरगावी पाठवण्याचा नव्हता. आपल्याला न विचारता कुणीतरी पुन्हा चारच मोजली होती, आणि या वेळी वगळलेली पाचवी आपण होतो. डॉक्टरने गोळ्यांच्या पाचव्या आठवड्यात परत तपासलं, बाहेर फिरायला हरकत नाही, यांच्यापासून कुणाला धोका नाही, असं लिहून दिलं. बाईंनी ते पत्र पर्समध्ये ठेवलं. मुलाला सांगितलं, "शाळेत जातेय." तो म्हणाला, "आई, त्यांनी बोलावलंय का?" "नाही." तो चपला घालत म्हणाला, "थांब, रिक्षा बोलावतो. चालत नको जाऊस."

मुलांचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. बाई जिन्यात दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा नुसत्याच थांबल्या, काही शोधलं नाही. दारातून म्हणाल्या, "खिडक्या सगळ्या उघडा पाहू." अठरा चेहरे एकदम आवाजाकडे वळले. "बाई!" "गावाहून आलात?" "काय आणलंत?"

"मी कुठल्याही गावाला गेले नव्हते. आजारी होते. मला क्षय झालाय, त्याने फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली आणि छातीत पाणी साठलं. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरी होईन. माझ्यापासून तुम्हाला धोका नाही, तसं डॉक्टरचं पत्र आहे माझ्याकडे. आता विचारा."

ज्या मुलीला सगळा वर्ग शंकाबाई म्हणायचा, ती उभी राहिली. "बाई, तुम्हाला एवढी धाप लागते? यंत्रात तर कधी लागत नाही."

"लागायची. कापून टाकायचो आम्ही."

"आणि आत पाणी आहे हे डॉक्टरला कसं कळलं? छाती उघडली होती?"

"फोटो काढला. पण त्याच्याही आधी तिला कळलं होतं, नुसतं बोटाने ठोकून. पोकळ जागा वेगळी वाजते, भरलेली वेगळी. ठोका पाहू बाकावर. आता भिंतीवर. कोपऱ्यात पाण्याचं पिंप आहे, त्यावर वरपासून खाली." वर्गात एकच ठोकाठोक सुरू झाली. पिंपापाशी दोघं भांडू लागली, पाणी नेमकं कुठवर आहे यावरून. झाकण काढून हात घालून पाहिलं तर शंकाबाईचा अंदाज दोन बोटांनीच चुकला होता. ती परत आली आणि जरा चाचरत म्हणाली, "बाई, तुमच्या पाठीवर ठोकू?"

बाईंनी खुर्ची उलटी केली, पाठ मुलांकडे करून बसल्या, हात पुढे टेकवले. एक छोटा गार तळवा शालीवरून खांद्याच्या हाडाखाली टेकला. मधलं बोट, त्यावर दुसऱ्या हाताचं बोट. ठक. ठक. एक बरगडी खाली. ठक. मागे सगळा वर्ग श्वास रोखून ऐकत होता, आणि बाई घेत होत्या तो मात्र मोठ्याने, जसा येईल तसा. ठक. मग आणखी खाली, एक मंद, बसका आवाज.

"इथे बदललं!" शंकाबाई ओरडली. "बाई, इथून खाली अजून आहे."

"आहे थोडं. डॉक्टरही तेच म्हणाली. पुढचा कोण?"

खुर्चीमागे रांग लागली. ढकलाढकली झाली, कुणीतरी कुणाच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज आला आणि थबकला. "बाई!" मॅडमचा आवाज होता, दबलेला, वर्गाला ऐकू जाऊ नये असा, आणि म्हणून सगळ्या वर्गाला ऐकू गेलेला. "हे काय चाललंय? मुलांना आम्ही सांगितलंय की तुम्ही..."

"त्यांना कळलंय मी कुठे होते ते," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. पाठीवर एक नवं बोट नुकतंच टेकलं होतं, आणि ते हलायला नको होतं. "जरा हळू बोला, मॅडम, ऐकतायत ती. अजून सहा जण राहिलेत. तुम्हाला यायचं असेल तर तुम्ही सातव्या."